वाढत्या अंगाचा रेकॉर्ड प्लेअर

आमच्या साडूंइतका पुढचा विचार करणारा माणूस जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतकं मला कुणी दमवलंही नाही. ओतूरच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. पोरांना शर्ट घ्यायचे ते बोटांपर्यंत येणाऱ्या बाह्यांचे, चपला घ्यायच्या त्या टाचेमागे दोन बोटं उरणाऱ्या. गच्चीवर वरच्या मजल्यासाठी सळया सोडलेल्या होत्या. मजला काही आला नाही, त्या सळयांना दोऱ्या बांधून अक्का धुणं वाळत घालत. अक्का म्हणजे साडूंच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. "घ्यायचंच तर वाढत्या अंगाचं घ्यावं, पावणं," हे साडूंचं ठरलेलं वाक्य.

आमचे सासरे, आण्णा, गेल्यावर त्यांच्या सात रेकॉर्डी अक्कांच्या वाट्याला आल्या. वडील रोज संध्याकाळी लावत ती भजनं आपल्या घरात ऐकायला मिळावीत, एवढंच अक्कांचं मागणं होतं. नव्वद साल उलटून गेलं होतं, सगळं गाव कॅसेटी वाजवत होतं, तेव्हा साडू मला घेऊन पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्ड प्लेअर शोधायला निघाले. खिसा बेताचाच. पहिल्याच दुकानात पेटीतला प्लेअर मिळाला, स्पीकर आतच, झाकण उघडलं की गाणं. मी पिशवी उघडून उभा राहिलो. साडूंनी तो उलटासुलटा पाहिला आणि परत ठेवला, कारण त्याला पुढे काहीच जोडता येत नव्हतं. मग पाच रविवार आम्ही तोच बाजार तुडवला. शेवटी त्यांनी नुसती फिरणारी तबकडी आणि सुईची दांडी असलेलं एक यंत्र पसंत केलं. त्याची सुई बदलता येत होती, सुई बसते ते डोकं बदलता येत होतं, खालचा पट्टासुद्धा बदलता येत होता. त्याला स्वतःचा आवाज तेवढा नव्हता. ओतूरपर्यंत ते धूड एस.टी.त माझ्या मांडीवर होतं. घरी आल्यावर साडूंनी तबकडी फिरवून दाखवली. अक्का बराच वेळ बघत राहिल्या आणि मग भाकऱ्या टाकायला आत गेल्या.

पुढच्या वर्षी आळेफाट्याच्या एका गॅरेजमधून ट्रकमधला जुना अॅम्प्लिफायर आणि स्पीकर आला, तोही तात्पुरता. त्यावर वाजायची ती एकच चाचणीची रेकॉर्ड, शाळेने टाकून दिलेले इंग्रजी उच्चारांचे धडे. सगळ्या आळीला ते पाठ झाले. सासऱ्यांच्या रेकॉर्डींना मात्र हात लावायचा नाही, कारण हलकी सुई रेकॉर्ड खाते, असं साडूंना कुणीतरी सांगितलं होतं. चांगली सुई आली, तर तिला साजेसं डोकं हवं झालं. डोकं आलं, तर अॅम्प्लिफायर कमी पडू लागला. प्रत्येक खेपेला पुण्याच्या एस.टी.त सोबत मी. कॅसेटी जाऊन सीड्या आल्या, पोरांच्या बाह्या पुरून वर आखूडही झाल्या. एकदा मी वैतागून म्हणालो, आता लावून टाका त्या रेकॉर्डी. तेव्हा ते म्हणाले, "हिच्या बापाची आठवण हाय, राव. ओरखडा पडला तर हिला काय त्वांड दावू?" पुढच्या खेपेला मी निमूट गेलो.

साडू निवृत्त झाले त्या वर्षी यंत्र एकदाचं मनासारखं झालं. आम्हाला जेवायला बोलावलं. साडूंनी धुतलेला सदरा घालून पहिली रेकॉर्ड लावली. नुसती खरखर. तिच्यामागे लांबवर कुणीतरी गातंय, इतकंच कळत होतं. साडूंचा चेहरा उतरला. त्यांनी सुई पाहिली, पट्टा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला पुण्याची एस.टी. दिसू लागली. तेवढ्यात अक्का दारातून म्हणाल्या, "मशीन ब्येस हाय. रेकॉर्डी झिजल्यात. तुमी शाळंत गेलं की मी रोज दुपारी लावत व्हते. ट्रकचा डबा आला तवापासनं."

आता हे चिडणार, असं मला वाटलं. पण साडूंनी विचारलं, "कसं वाजायचं?"

"आण्णा शेजारी बसल्यागत."

साडूंनी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. जिथे आवाज बुडायचा तिथले शब्द अक्का हळूच म्हणत होत्या, आणि ज्यांनी इतक्या वर्षांत त्या रेकॉर्डी घरात एकदाही ऐकल्या नव्हत्या ते साडू मान खाली घालून ऐकत होते. मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी फार माया वाटली.

त्यानंतर यंत्राला काही जोडायचं त्यांनी नाव काढलं नाही. सळयांवर अजून धुणं वाळतं. पुण्याला चला, असा निरोप मात्र येत नाही. सुटलो म्हणावं, तर एखाद्या रविवारी सकाळी मी उगाचच ती पिशवी शोधतो.