पाठ सपाट, रिपोर्ट माइल्ड

"सूज कुठी आहे मॅडम? मी हात फिरवून पाह्यला. पाठ तं सपाट आहे!"

सुनंदा माझी उलटतपासणी घेत होती. तिचा नवरा देविदास टेबलावर कुशीला पडून कण्हत होता. माझं नंदनवन नावाच्या वस्तीत फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. आठवड्यापूर्वी मीच त्याला सांगितलं होतं, नसेला सूज आहे. घरी सुनंदाने पाठ तपासली. सूज सापडली नाही, म्हणजे मॅडम चुकल्या. मग दोघं कुहीला गेले आणि एका पायाळू काकांकडून कमरेत लाथ घालून घेतली. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस. त्याची लाथ लागली की उसण पळते, असा आपल्याकडे पक्का समज. उसणीचं मला माहीत नाही. देविदासची झोप मात्र पळाली. कळ आता कमरेतून थेट पोटरीपर्यंत जात होती. हीच सायटिका.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर! देविदास हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर, तोही कंत्राटी. MRI रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, मणक्यातली गादी सरकली आहे, पण ‘माइल्ड’. ते वाचून सुपरवायझरने ठरवलं, गडी नाटक करतोय. सोमवारी आला नाही तर मशीनवर दुसरा माणूस.

"मले नाटक जमलं असतं तं गावच्या दंडारीत सोंग कराले नसतो गेलो?" देविदास कण्हत म्हणाला.

मी मणक्याचं प्लास्टिकचं मॉडेल काढलं. दोन मणक्यांमध्ये गादी, गादीत जेली. ती बाहेर झिरपली की तिच्यातल्या रसायनांनी शेजारची नस चिडते. दाब थोडा, आग मोठी. याला आम्ही इन्फ्लमेशन म्हणतो आणि मराठीत घाईघाईने सूज. सुनंदाने पुन्हा नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मी मॉडेल बाजूला ठेवलं. "सुनंदाताई, तुम्ही काय काम करता?"

"सातऱ्यावर जातो जी, मिरची वाळवतेत तिथी. देठ तोडाले."

"तो हात डोळ्याला लागला तर?"

"आई वं! जीव जाते."

"डोळ्यावर वजन किती पडलं?"

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमच्या नसेले मिरची लागली!"

मी लगेच सुपरवायझरला फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, रिपोर्टमध्ये माइल्ड आहे. मंग एवढा काहून तरफडून राहिला तो?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा फोनवर वाकली. "साहेब, मिरचीचा हात डोळ्याले लावून पाहा. हात बी माइल्डच लागते!"

पलीकडून हसू. "किती दिवस लागन?"

काही आठवडे, मी म्हटलं. तोवर बाइक नको, कंपनीची बस. वजन उचलणं नको, अधूनमधून चालता येईल असं काम. तो म्हणाला, चेकिंगला लावतो, मशीनचं पाहू. त्या ‘पाहू’वर माझा काही भरवसा बसला नाही.

औषधं डॉक्टरांची, व्यायाम माझे, लाथा बंद. कळ पोटरीतून मांडीत आली, मांडीतून कमरेत, आणि हळूहळू गेली. दोनेक महिन्यांनी सुनंदाचा फोन आला: देविदास प्रेसवर परतला, त्याच मशीनवर. मी क्लिनिकमध्ये एकटीच टाळी वाजवली.

‘माइल्ड’ हा शब्द गादीपुरता असतो. दुखणं किती, ते ज्याचं दुखतंय त्यालाच विचारायचं.