मामीच्या जोडव्यासाठी खणलेले रविवार

वसईच्या अंकलनी धातू शोधायच्या मशीनसोबत दोन थाळ्या दिल्या होत्या, एक ताटाएवढी आणि एक बशीएवढी. थाळी म्हणजे दांड्याच्या खाली बसवायची ती गोल चकती. वाळूवरून फिरवायची, खाली धातू असला की मशीन ओरडतं. "मोठी खोल ऐकते," अंकल म्हणाले, "पण बारीक वस्तू तिला ऐकू येत नाही. आमच्या आजोबांसारखी. ट्रक गेला तर उठायचे, चमचा पडला तर झोपलेले."

मामांनी दोन्हीकडे बघितलं आणि मोठी उचलली.

मामांचं इथं आखातात, मुसफ्फात, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेटं, जिने, शेड असलं काम. माणूस वेल्डिंगचा, त्यामुळं त्यांचा जोरावर विश्वास. मी त्यांच्याकडेच राहते, खलिफा सिटीतल्या एका विलाच्या मागच्या पोर्शनमधे, आणि शेजारच्या ट्रेडिंग कंपनीत फोन उचलते. तासगावच्या मराठी शाळेत शिकलेली पोरगी दिवसभर "गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू" करत बसते. त्यात मला काही अवघड जात नाही, कारण मी नक्कल करते. लहानपणापासून. हेडमास्तर, कंडक्टर, कीर्तनकार, इथं आल्यावर आमचे अरबाब म्हणजे मालक, व्हिसाची कागदं करणारा पीआरओ, गॅसवाला पठाण. कोणाचाही आवाज काढते. मशीन आणलं त्या पहिल्या रविवारी मी गाडीतच त्याचा आवाज काढून दाखवला. नाण्याचा टुंईं, पत्र्याचा घुर्रर्र. मामांची पोरगी, माझी अकरा वर्षांची मामेबहीण, हसली. आई गेल्यापासून ती फारशी हसली नव्हती म्हणून मी रस्ताभर तेच करत बसले.

आम्ही मामीचं जोडवं शोधायला चाललो होतो. ते आदल्या हिवाळ्यात, नोव्हेंबरमधे हरवलं, हमरियाच्या पुढच्या किनाऱ्यावर. अंकल मामांच्या ओळखीचे, तिथल्याच फ्री झोनमधल्या कंपनीत स्टोअर बघतात, त्यांनीच सगळ्यांना पिकनिकला बोलावलं होतं. मामीची किडनी तेव्हा बिघडायला लागली होती. पाय सुजायचे. बोटात जोडवी रुतायला लागली तेव्हा साबण लावून काढली आणि रुमालात बांधून पर्समधे ठेवली. मार्चमधे ती गेली. तेव्हा पर्समधे एकच जोडवं होतं, आणि तेही तिच्या सुजलेल्या बोटात जाईना. जमलेल्या बायकांनी हळद लावली, कुंकू लावलं, हिरवा चुडा भरला. पाय तसेच राहिले.

तिच्या आईनं तिकडून फोनवर पहिलं तेच विचारलं. मामांनी खरं सांगितलं. म्हातारीनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वर्षश्राद्धाला याल तवा दोन्ही घिऊन या जावई. मीच करून दिलेली. माझ्या हातनं जोडीनं कृष्णामाईत सोडते. लेक माझी मोकळ्या पायानं गेली."

मामा म्हणाले, "आणतो."

एवढंच. उन्हाळा गेला, कारण उन्हाळ्यात तिथं कोण खणणार. जानेवारी संपत आला तेव्हा त्यांनी अंकलला फोन केला. मार्चचं तिकीट काढलेलं होतं.

पहिल्या रविवारी आम्ही नऊ खड्डे खणले. मामी चटई टाकून बसली होती ती जागा मामांना पाठ होती. एक काटेरी झुडूप, त्याच्या पुढं वीस पावलं. मोठी थाळी फिरली की मशीन कुठं ना कुठं बोलायचं, पण वस्तू हातभर खाली, कधी त्याहून खाली. वाळू कोरडी. एक फावडं काढलं की कडेनं दोन फावडी आत. हातभर जायला परातीएवढं तोंड करावं लागतं, आणि खाली गेल्यावर काय? तंबूचा खिळा. कबाबाची सळई. गंजलेल्या डब्याचा तळ. सळया एवढ्या निघाल्या की मी म्हटलं, "मामा, आपण कबाबचं हॉटेल टाकू."

"हात चालव."

अंकल खुर्ची टाकून बसले होते. त्यांना हा नाद जुना आहे, रिटायर झाल्यावर वसईच्या किनाऱ्यावर हेच करणार म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, ऐका माझं. बायकांच्या अंगठ्या, पोरांच्या चेना, मला जे काय मिळालं ते सगळं वीतभर आत मिळालं. खाली जाल तेवढा कचरा जुना. एक खोल खड्डा खणता तेवढ्यात लहान थाळीनं अख्खी चटईची जागा होते."

"वर्षभर वारं सुटलंय इथं," मामा म्हणाले. "वाळू चढली असणार. खालीच गेलं असणार ते."

"बरं, मग टेस्ट करा. दुसरं जोडवं आहे ना तुमच्याकडं? ते हातभर खाली पुरा, वरनं मशीन फिरवा. ऐकलं तर खणा खोल. नाही ऐकलं तर सोडा."

ते जोडवं मामांच्या पाकिटात होतं, रुमालासकट. त्यांनी खिशावर हात ठेवला. आणि अंकलकडं न बघता म्हणाले, "तिच्यावर माती टाकायला लावू नका मला."

अंकल उठले, गाडीतनं एक तार घेऊन आले. पक्कडीनं तिचं वेटोळं केलं, जोडव्यासारखंच, तोंड उघडं ठेवून. म्हणाले, तोंड मिटलेली अंगठी मशीनला चांगली ऐकू येते, उघड्या तोंडाची नाही, तिचा आवाज अर्धामुर्धाच. हातभर खाली पुरलं. मोठी थाळी वरनं गेली. काही नाही. निम्म्यावर आणलं. काही नाही. मग दोन बोटं वाळूखाली ठेवलं तेव्हा मशीन जरा कुरकुरलं. चांदीच्या कागदासारखं, ज्याला आम्ही सकाळपासून "सोड, कचरा" म्हणत होतो.

"बघा," अंकल म्हणाले.

मामांनी बघितलं. आणि पुढच्या रविवारी पुन्हा मोठी थाळी.

आता माझं सांगते. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की जोडवं तिथं नाही.

पिकनिकच्या दिवशी जेवणं झाली होती, माणसं पाण्यात गेली होती आणि चटईवर मामी, मी आणि आणखी दोघी-तिघी. मी नकला करत होते. कोणीतरी म्हणालं, मामीची कर. मामीची माझी फेमस होती. स्वयंपाकघरात ती टाचा आपटत चालायची, पदर खोचायची आणि फ्रीजला सुद्धा शिव्या द्यायची. मी म्हटलं, पूर्ण ड्रेपरी पाहिजे. तिच्या पर्समधनं रुमाल काढला, सोडला आणि दोन्ही जोडवी पायात घातली. मामी ओरडली, "आगं ए भवाने, लग्नाआधी जोडवी घालत्यात व्हय?" पण हसत होती. पोट धरून. मी चटईपासून व्हॉलीबॉलच्या खांबापर्यंत आणि तिथनं पाण्यापर्यंत तिच्यासारखी चालले, टाचा आपटत, "या फ्रीजला काय मी हुंड्यात आणलंय?" करत. परत आले तेव्हा एका पायात जोडवं नव्हतं. माझी बोटं बारीक, तिची जाड. कधी निसटलं कळलंसुद्धा नाही.

मी रडायलाच लागले. मामीनं उरलेलं माझ्या पायातनं काढलं, रुमालात गुंडाळलं. "गप. तुझ्या मामाला कळलं तर दोघींना हितंच पुरंल. मी म्हणते पर्स झटकताना पडलं. माझी वस्तू, माझ्या हातनं गेली."

आणि ती तसंच म्हणाली, चटईवरच्या बाकीच्यांनाही तेच म्हणायला लावलं. संध्याकाळी मामांनी थोडं शोधलं, मग "इन्शाल्ला मिळेल" म्हणून कोणीतरी विषय संपवला. चार महिन्यांनी ती गेली. आईनं मला लहानपणी सांगितलं होतं की सवाष्णीची जोडवी दुसऱ्या कुणी घालू नयेत, मी हसून सोडलेलं. आता मी शिकलेली आहे, किडनी गेली की वाढतं ते क्रिएटिनिन मला हॉस्पिटलच्या कागदावर दिसलेलं आहे. तरी आंघोळ करताना माझी नजर पायाच्या बोटांकडं जायची आणि मी नळ मोठा सोडायचे.

सांगायचं कसं? पहिल्या रविवारी सांगणार होते. मामांनी नऊ खड्डे खणले, मग वाटलं दहाव्या खड्ड्याला कसं सांगू. दुसऱ्या रविवारी तर आणखीनच अवघड. चौथ्या रविवारी खड्डा कमरेएवढा गेला. खालची वाळू ओली, गार. मामांच्या पाठीचं दुखणं जुनंच, ते वाकले की तोंडातनं आवाज निघायचा. मी तोही आवाज मनात काढून बघितला. सवयच तशी आहे, लाज वाटली.

मामेबहीण सापडलेल्या वस्तू चटईवर मांडायची. एक चावी, एक खेळण्यातली गाडी, खिळे, सळया. "धिस इज लाइक अ म्युझियम ऑफ नथिंग," ती म्हणाली. मामा तिला मराठीत म्हणाले, "मिळंल गं बाळा."

पाचवा रविवार. तिकीट पुढच्या शनिवारचं. सकाळी दहालाच ऊन चढलं होतं. मामा खड्ड्यात होते, मी वर. कडेची वाळू ढासळली आणि तासाभराचं काम एका मिनिटात भरून गेलं. त्यांचे पाय पोटरीपर्यंत वाळूत. मी हात दिला, त्यांनी घेतला नाही. तिथंच बसून राहिले.

मी म्हटलं, "मामा, खलास करू या. जागा बदलून बघू."

"जागा हीच. ती म्हणाली, हितं पर्स झटकली."

"विसरली असेल."

"ती विसरंल, पर खोटं बोलायची नाही. एकदा खोटं बोलली नाही माझ्याशी, एकवीस वर्षांत." फावडं त्यांनी पुन्हा उचललं. "म्हणून तर खणतोय."

मी सांगितलं. कुठल्या आवाजात सांगितलं मला माहीत नाही. रुमाल, जोडवी, चालणं, खांब, पाणी, मामी काय म्हणाली, सगळं. ते खड्ड्यात मान खाली घालून उभे होते आणि मी वर, त्यामुळं मला त्यांचं तोंड नाही, फक्त डोकं दिसत होतं, वाळूनं पांढरं झालेलं. मामेबहीण चटईवरनं उठून आली होती.

"सो आई लाइड फॉर यू?" ती म्हणाली.

"हो."

"टु बाबा?"

"हो गं."

मामा बाहेर आले. आधी तो खड्डा बुजवला. घाई नाही केली, पायानं दाबून, सपाट करून. अंकलचा नियम होता तो, खड्डा उघडा सोडायचा नाही, पण त्या दिवशी त्यात मला वेगळंच काही वाटलं. मग त्यांनी मोठी थाळी सोडवली, लहान लावली.

"कुठनं चाललीस?"

"इथनं."

"चाल."

मी चालायला लागले.

"तशी न्हाय," ते म्हणाले. "चालली हुतीस तशी चाल. पावलं कुठं पडली ते कळू दे."

मी टाचा आपटत चालले. माझ्यामागं मामा, लहान थाळी डावीकडं उजवीकडं, हळू, अंकलनी सांगितलं होतं तशी. खांबापर्यंत गेलो. खांब आता नव्हताच, नुसता सिमेंटचा ठोकळा. तिथनं पाण्याकडं. दर दोन पावलांनी मशीन कुरकुरायचं, मी गुडघ्यावर बसायचे, बोटानं वाळू उकरायचे. फावड्याची गरजच नव्हती. बाटलीचं झाकण. कॅनचा कान. चॉकलेटचा कागद. एकदा काहीतरी गोल लागलं आणि मामा खाली बसले. मुठीत घेतलं, मूठ उघडली. कीचेनची कडी होती.

पाण्याजवळ वाळू पार बदलली होती. आम्ही पिकनिकला बसलो तेव्हा लाट जिथपर्यंत यायची तिथं आता एक चढ तयार झालेला. त्यापलीकडं किती पावलं गेले होते मला सांगता येईना. तिथं जोडवं पडलं असलं तर ते समुद्रानं कधीच उचललं असणार. आणि त्याअलीकडं पडलं असलं तर गेल्या वर्षभरात, आमच्यासारख्याच कुणाच्या तरी बुटाखाली, किंवा कुणाच्या तरी चटईच्या दुमडीत.

चार वाजता मामांनी मशीन बंद केलं.

अंकलकडं मशीन परत द्यायला थांबलो तेव्हा त्यांनी मामांच्या तोंडाकडं बघितलं आणि चहाचं विचारलं नाही. शनिवारपर्यंत मामा माझ्याशी कामापुरतं बोलले. गॅस संपलाय. पाणीवाला येईल. मला ओरडले असते तर बरं झालं असतं, मी त्यांच्या ओरडण्याची नक्कल सुद्धा कधी केली नसती.

विमानतळावर मीच सोडायला गेले. मामेबहिणीनं मला मिठी मारली, पण सैल. मामांनी पाकिटातनं रुमाल काढून बघितला, परत ठेवला.

"मी पोचायच्या आत मामीच्या आईला तू फोन कर," ते म्हणाले. "सगळं सांग. मला न्हाय सांगता यायचं. मी तिला आणतो म्हणालो हुतो."

घरी येऊन मी लावला. म्हातारीनंच उचलला. मी सांगत गेले, ती "हं, हं" करत गेली. माझं सगळं सांगून संपलं. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. मी तिच्या शिव्यांची वाट बघत होते.

ती म्हणाली, "तुझ्या कुठल्या पायातलं पडलं गं? डाव्या का उजव्या?"

"का हो?"

"डावं सोनारानं जरा मोठं केलं हुतं. लहानपणी म्हशीनं तिच्या डाव्या बोटावर पाय दिला हुता, ते बोट जाड हुतं. जावई आणत्यात ते डावं का उजवं, तेवढं कळलं असतं."

मी पलंगावर बसले होते. दोन्ही पाय जमिनीवर, समोर. मी डाव्याकडं बघितलं, मग उजव्याकडं.

"आजी," मी म्हटलं, "मला आठवत नाही."