झटका घेणारे मास्तर

टायरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये पहारेकऱ्यांचे वर्ग चालायचे. तिथे शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत, आणि मास्तरांचा बोलबाला एकाच गोष्टीसाठी होता. गेली अकरा वर्षं प्रत्येक नव्या तुकडीसमोर ते स्वतः विजेचा झटका घेत. असा माणूस शहाणा की वेडा, हे ज्याचं त्याने ठरवावं. मास्तरांच्या बायकोने ते झटक्यांच्याही आधी, लग्नानंतर थोड्याच दिवसांत ठरवलं होतं.

"ज्याला झटका माहीत नाही, त्याने तो दुसऱ्याला देऊ नये," हे मास्तरांचं पेटंट वाक्य. ते म्हणून झालं की टेबलावरचं पिवळं झटक्याचं पिस्तूल उचलायचं आणि गोष्ट सुरू करायची.

"मंडळी, यातून गोळी सुटत नाही. दोन काटे सुटतात, मागे केसासारख्या बारीक तारा घेऊन. दोन्ही अंगाला रुतले की तारांतून विजेचे ठोके जातात, सेकंदाला वीसेक. मेंदू स्नायूंना सारखे निरोप धाडत असतो. त्यात हे ठोके असा काही गलका करतात, की स्नायूंना मालकाचा आवाजच ऐकू येत नाही. पाच सेकंद माणसाचं लाकूड! पण दोन काट्यांत हातभर तरी अंतर हवं. जवळजवळ लागले तर माणूस थांबत नाही, नुसता दुखावतो आणि चिडतो. चिडलेला माणूस कसा असतो ते लग्न झालेल्यांना सांगायला नको."

या तुकडीत एक चाळिशीच्या बाई होत्या. आधी शाळेत शिपाई होत्या, शाळा बंद पडली म्हणून इकडे आल्या. उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसायच्या नाहीत, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव शंकाताई पडलं.

"मास्तर, हजारो व्होल्ट म्हणता, मग माणूस मरत कसा नाही?"

"व्होल्ट म्हणजे मागून दिलेला रेटा, ताई. रेटा मोठा, पण प्रत्यक्ष वाहणारी वीज अगदी थोडी आणि क्षणभराची. म्हणून बहुतेक जण उठून बसतात."

"बहुतेक?"

"बहुतेक. सगळे नाही." इथे मास्तर थट्टा बाजूला ठेवत. "विजेपेक्षा जमीन जास्त मारते. ताठ झालेला माणूस हात टेकू शकत नाही, डोकंच आपटतं. म्हणून जिन्यावर नाही, गच्चीच्या कडेला नाही, पाण्यापाशी नाही. पेट्रोलचा वास आला तर अजिबात नाही, ठिणगी उडते. छातीवर नेम धरायचा नाही. एकदा दाबलं, पुन्हा दाबलं, असा चाळा नाही. गरोदर बाई, हृदयाचा रोगी, यांच्यापासून हे लांब."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच. कारण तीनच आठवड्यांपूर्वी गोदामाचा जिना चढताना मास्तरांच्या छातीत धडधड सुरू झाली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ते पाचव्या पायरीवर मटकन बसले. डॉक्टरांनी कागदाची लांबलचक पट्टी काढली. "ठोके ताल सोडून पडताहेत. गोळ्या रोज घ्या, आणि ते झटक्याचे खेळ आजपासून बंद."

मास्तरांनी रिपोर्ट टेबलाच्या खणात जुन्या हजेरीपटांखाली सरकवला. गोळ्या कशाच्या, असं बायकोने विचारलं तेव्हा पित्ताच्या म्हणाले. झटक्याला मास्तर भितात, असं कोणी म्हणालं नसतं. त्यांना भीती वाटत होती ती झटक्यावाचून उरणाऱ्या मास्तरांची. बोलणारे काय, पैशाला पासरी मिळतात. वर्ग आपल्याला मानतो तो झटक्यामुळे, आणि उद्या तो बंद झाला तर आपण फळ्यापुढचा एक म्हातारा, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. शिवाय इतक्या वेळा काही झालं नाही, मग आताच काय होतंय? शहाण्या माणसांचा घात याच वाक्याने होतो.

प्रात्यक्षिकाचा दिवस आला. गादी अंथरली. काट्यांऐवजी तारांना चिमटे लावले होते, एक मास्तरांच्या पाठीवर सदऱ्याला, दुसरा पँटच्या पायाला. दोन धट्टेकट्टे गडी दोन्ही दंड धरून उभे राहिले. पिस्तूल कोणी चालवायचं याची चिठ्ठी काढली, ती निघाली शंकाताईंची.

झटका घेणाऱ्याला आधी आठ प्रश्न विचारायचे, असा मास्तरांचाच नियम होता. त्याचा कागद भिंतीवर डकवलेला होता. तुकडीतल्या कोणालाही त्याशिवाय चिमटा लागत नसे. पण खुद्द मास्तरांपुढे तो कागद अकरा वर्षांत कोणी धरला नव्हता. मास्तरांना काय विचारायचं!

शंकाताई भिंतीपाशी गेल्या आणि कागद काढून घेऊन आल्या.

"अहो ताई, ते तुमच्यासाठी आहे," मास्तर हसले.

"इथे 'झटका घेणारा' असं लिहिलंय. झटका तुम्ही घेताय." त्यांनी चष्मा सावरला. "पाठीचं, मानेचं दुखणं?"

"नाही."

"आज पोटात काही आहे?"

"दोन केळी."

वर्ग हसला.

"हृदयाचा काही त्रास?"

मास्तरांनी विनोदासाठी तोंड उघडलं. पण नजर समोर गेली. शंकाताई पेन धरून शांतपणे थांबल्या होत्या. ही बाई आपल्या शब्दावर विश्वास ठेवून चाप दाबणार, आणि काही झालं तर जन्मभर ते ओझं हीच वाहणार, हे मास्तरांना त्या क्षणी कळलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आहे," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले."

दंड धरलेल्या गड्यांनी पकड आणखी घट्ट केली. शंकाताईंनी पिस्तुलाची कळ बंद केली, त्याचं तोंड भिंतीकडे करून ते टेबलावर ठेवलं आणि दोन्ही चिमटे स्वतः काढले. सगळं शिकवल्याप्रमाणे, बरहुकूम.

"घरी माहीत आहे?"

"हा प्रश्न कागदावर नाही, ताई."

"मी वाढवला. लावा फोन, आम्ही थांबतो."

वीस जणांसमोर मास्तरांनी बायकोला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडून पहिला प्रश्न आला.

"आज घेतलात का झटका?"

"नाही. घेऊ दिला नाही."

"कोणी?"

"वर्गाने."

मग ती रडली. रडता रडताच म्हणाली, "पित्त म्हणे पित्त! तिथेच थांबा. मी न्यायला येते."

"अगं, मी येतो ना..."

"मी येते म्हटलं ना!"

फोन ठेवून मास्तर वर्गाकडे वळले. आता मंडळी उठतील, कुजबुजतील, असं त्यांना वाटलं होतं. एकही जण जागचा हलला नाही. शंकाताईंनी त्यांच्यामागे खुर्ची सरकवली.

"बसून सांगा मास्तर. झटका बसतो तेव्हा आतून नेमकं काय होतं?"

मास्तर बसले. "खरं सांगू?" ते म्हणाले. "दर वेळी भीती वाटायची." वीसही जणांनी वह्या उघडल्या.