आधी हिला देऊन बघू

खोतांनी गोळी वरून टाकली. हात लागू नये म्हणून हातभर अंतर ठेवून. ती माझ्या तळहातावरून निसटून शेणात पडली. "उचल आणि खा," ते म्हणाले. मी उचलली, परकराला पुसली. पाणी मागायची सोय नव्हती. कोरडीच गिळली.

तेव्हा मी पोलादपूरच्या शाळेत सातवीला होते. फायनलची परीक्षा महाडला द्यायची होती. खोती कायद्याने गेली होती, खोत होतेच, आणि आई त्यांच्या गोठ्यात शेण काढायला जायची. त्यांचा विनू माझ्याच वर्गात. खोतांचा मेहुणा मुंबईला औषधांच्या कंपनीत होता, त्याने या गोळ्या पाठवल्या होत्या. डोकं तल्लख होतं, झोप येत नाही, वाचलेलं विसरत नाही म्हणे. त्या मला का, हा प्रश्न मला पडला नाही. आईला तर गहिवरून आलं होतं. महारवाड्यातल्या पोरीला एवढं भारी औषध कोण देतं?

रोज सकाळी गोळी. हात थरथरायचे, छाती धडधडायची, भाकरी नकोशी व्हायची. डोळ्याला डोळा लागत नव्हता. मग खोत मला अंगणात उभं करून धडा म्हणायला लावायचे. मी घडाघडा म्हणायचे. ओटीवर बसलेले आमच्या वर्गाचे गुरुजी मान डोलवायचे. "गोळी लागू पडतेय." तो धडा मला गोळीच्या आधीपासून पाठ होता. वर्गात त्यांनी मला कधी विचारलाच नव्हता. संताप यायचा, पण बोलायचं त्राण नसायचं.

एके दिवशी गोळी द्यायच्या वेळी खोतीणबाईंनी आतून विचारलं, "विनूला काही अपाय तर होणार नाही ना?"

"म्हणून तर आधी हिला देऊन बघतोय," खोत म्हणाले. "हिचं डोकं फिरलं तरी काय बिघडतंय? शेण काढायला डोकं कशाला लागतं?"

मी समोर उभी होते. आई गोठ्याच्या दारात. आवाज खाली आणायचीही त्यांना गरज वाटली नाही. माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं, पण माझ्या डोक्यात पारखून घेतलेली गोळी त्यांच्या मुलाला चालणार होती. मला फार थकल्यासारखं झालं.

"हात पुढे कर."

मी हात मागे बांधले. "आधी विनूला द्या."

गुरुजी खाली बघू लागले. खोत माझ्याशी बोललेच नाहीत. आईला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

 वाटेत आई म्हणाली, "मला काय ठाव नाय गो. मला वाटलं, पोरीचं भलं करतायत."

तिच्यावर माझा राग नव्हता. चूल कशी पेटणार, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. "आये, मी परीक्षेला बसनार हाय," मी म्हणाले. "नापास झाले तरी माझ्याच डोक्यानं होईन."

मी पास झाले. गोळीमुळेच झाले, असं गुरुजी अजून सांगत फिरतात. त्यांच्याशी वाद घालून मी दमले, आता घालत नाही. मीच आता शाळेत शिकवते. कुणी बुद्धी वाढवायचं नवं औषध घेऊन आलं, की एवढंच विचारते, की ते आधी कुणाच्या पोराला दिलं. हे कळल्याशिवाय माझ्या वस्तीतलं एकही पोर मी त्यांच्यापुढे उभं करणार नाही.