बाथरूममध्ये न तुटलेला दात

"बाथरूममध्ये पडले," मी काही विचारायच्या आतच वनिता म्हणाली.

नवीन पनवेलमध्ये माझा दातांचा दवाखाना आहे. ही करंजा बंदरावरची, तिशीतली, सुकी मासळी विकणारी. वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला, ओठ आतून फाटलेला. पडणारा माणूस हात टेकतो. हिच्या तळव्यांवर साधा ओरखडा नव्हता. दंडावर मात्र बोटांचे वळ होते, काही निळे, काही पिवळे. पिवळे म्हणजे जुने.

शेजारी तिची सासू, हिराबाई. ओठ आवळून सुनेकडे रोखून बघत होत्या. माझा संशय पक्का झाला.

"आजी, एक्स-रे काढायचाय. जरा बाहेर बसा."

दार लावलं. पेशंटला एकटीला विचारायचं आणि सरळ विचारायचं, हे आमचं कामच आहे.

"वनिता, घरात कोणी मारतं का?"

तिने दंडावरचे वळ हाताने झाकले. मग म्हणाली, "नवरा."

"आणि सासू?"

"आई?" ती दचकलीच. "त्यांनीच तर ओढून आनलं मला! मी खोटं सांगितलं म्हनून रागावल्यात."

मी ओशाळले. वनिताला विचारून हिराबाईंना आत घेतलं. तिच्या परवानगीने वळांचे फोटो काढले. केसपेपरवर तिचेच शब्द लिहिले. मग सांगितलं, "सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी असतात. ते कोर्टात अर्ज करायला मदत करतात. कोर्ट नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. पण करायचं की नाही, ते तू ठरव."

"पोरगा माजाच हाय," हिराबाई म्हणाल्या, "पन मार खायला नाय आनली आमी हिला."

वनिता फाटक्या ओठाने हसली, कळवळली, पुन्हा हसली. "करायचं," म्हणाली. मी तिच्यासमोरच संरक्षण अधिकाऱ्यांना फोन लावला.

कोर्टाचा आदेश झाला. नवरा आता दुसरीकडे राहतो. माझा केसपेपर पुराव्यात लागला. अक्षर वाचून दाखवायला मात्र मलाच जावं लागलं.

रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या आतली नस साफ करणं, आधीच झालं होतं. कॅप बसवली त्या दिवशी वनिताच्या हातात आरसा दिला. ती एवढ्या मोठ्याने हसली की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

"आता गिऱ्हाईक भाव करनार नाय," हिराबाई म्हणाल्या, "दातच बघत बसंल!"

पेशंटला एकटीलाच विचारायचं, हा नियम मी आजही मोडत नाही. फक्त बाहेर बसवलेल्या बाईचा निकाल एक्स-रेच्या आधी लावत नाही.