साडूभाऊंचा गॉगल

अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात माणसाचा चेहरा सोडून थेट डोळ्यांचा पांढरा भाग बघणारा एकच इसम होता, आणि तो साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. लोणखेड्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. यकृत हा त्यांचा जीव की प्राण. रामराम घालण्याआधी समोरच्याची खालची पापणी ओढायची, हा शिरस्ता. माझ्या हळदीला त्यांनी भर मांडवात माझी पापणी ओढली आणि जाहीर केलं, "हाई नुसती हळद शे, कावीळ नही. लगीन व्हऊ द्या!" सासरी माझी ओळख 'तपासून घेतलेला जावई' अशीच झाली.

बाजारातल्या बिननावाच्या औषधांशी त्यांचं हाडवैर. सासूबाईंचा गुडघेदुखीवरचा काढा त्यांनी एकदा मोरीत ओतला. सासूबाई वर्षभर बोलल्या नाहीत, पण यांची शिकवणी स्वयंपाकघराच्या दारातून चालूच. "लिव्हर पित्त बनाडस आनि बारीक बारीक दारंसमाईन भायेर काढस. असला औषधंसनं इख पोटमा गयं का ती दारं जाम! ऊसना वावरमा पाटनं दार लाग्यं तर पानी कोठे जाई? माघारेच फिरी ना! तसं पित्त रक्तमा जास. मंग डोया पिवया, आंगले खाज."

गेल्या उन्हाळ्यात हा माणूस एकाएकी काळा गॉगल लावून हिंडू लागला. घरातसुद्धा, अगदी जेवतानासुद्धा. सारखी पाठ खाजवायचे आणि घामोळं आलंय म्हणायचे. आम्हाला आयतंच निमित्त मिळालं. "काय साडूभाऊ, हीरो व्हयी ग्यात का?" मी विचारायचो. तेही हसायचे.

एके दिवशी जेवता जेवता त्यांना भोवळ आली. दवाखान्यात नर्सबाईंनी गॉगल काढला तेव्हा पिवळेजर्द डोळे दिसले आणि सगळं कळलं. गुडघे धरले होते, प्रॅक्टिकलला उभं राहवेना, म्हणून खापर गावच्या बाजारातल्या बिननावाच्या पुड्या ते दोन महिने चोरून घेत होते.

"सांगं का नही?" मी ओरडलोच.

"लाज वाटनी रे," ते म्हणाले. "सारा गावले वरडत फिरनू आनि सोता तेच खादं. वाटनं, पुड्या बंद करी टाक्यात, आते दारं आपोआप उघडतीन."

डॉक्टर म्हणाले, पुष्कळांची उघडतात. यांना आणायला उशीर झाला. पाचव्या दिवशी ते गेले.

मला त्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा. गॉगलच्या त्या महिन्यात आम्ही चारदा भेटलो होतो. साडूच्या नाकावरचा गॉगल ओढून काढायचा हक्क मला होता, त्यांना रागही आला नसता. चारही वेळा मी नुसता हसलो.