गोदामातली पंगत

आईला विसरण्याचा आजार जडला, तेव्हा तिनं सगळ्यात आधी मला विसरायला घेतलं आणि शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवलं ते वसतिगृह. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात तिनं उभा जन्म नोकरी केली. मुली तिला ‘बाई’ म्हणत. संध्याकाळी पंगत बसली की ती टोकाला उभी राहून विचारायची, ‘‘जेवल्या का साऱ्या पोरी?’’ शेवटची पोरगी ‘जेवली बाई’ म्हणेपर्यंत ती स्वतः घास घेत नसे. आजारानं तिच्याकडून बाकी सगळं काढून घेतलं आणि हा एक प्रश्न तेवढा ठेवला.

तोच प्रश्न ती आमच्या जुन्या चर्चमध्ये विचारू लागली. पाळकसाहेबांचं प्रवचन रंगात आलं की ही बाकावरून उठायची आणि खणखणीत आवाजात विचारायची, ‘‘जेवल्या का साऱ्या पोरी?’’ पहिल्यांदा लोक हसले. नंतर मागे वळून बघू लागले. मग प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या दिवशी, ताट आमच्या बाकाशी आलं आणि आईला सोडून पुढे गेलं. का, म्हणून मी विचारलं, तर एक वडीलधारे गृहस्थ हळूच म्हणाले, ‘‘त्यांना आता कळत नाही ना.’’ पुढच्या आठवड्यात निरोप आला, की आईंना घरीच आराम करू द्या, आम्ही येऊन प्रार्थना करत जाऊ. एकदा आले, चहा घेतला, गेले. माझं पित्त असं खवळलं की मीही जायचं बंद केलं. पण रविवारची सकाळ झाली की आई पांढरी साडी मागायची आणि नेसून दारात बसून राहायची. तिला कुठे जायचंय हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण न्यायला जागा नव्हती. ज्या बाईनं जन्मभर इतरांना पंगतीला बसवलं, तिला त्या एका पंगतीतून उठवलं होतं, हे मला गिळता येईना.

मग माझी बदली साकोलीला झाली. आईला प्लास्टिकच्या खुर्चीतून उठता येईना, म्हणून हातांची भक्कम खुर्ची भाड्यानं मिळते का बघायला मी एका मंडपवाल्याकडे गेले. रविवार होता हे लक्षातच आलं नाही. शटर अर्धं वर होतं आणि आतून ढोलकीवर ख्रिस्ती गाणं ऐकू येत होतं. वाकून बघितलं, तर गोदामात बांबू, कनाती, भात शिजवायचे मोठाले गंज, झुंबरं, आणि त्या पसाऱ्यात लग्नाच्या खुर्च्यांवर वीसेक माणसं बसून मजेत गात होती. मंडपवाला उठून बाहेर आला. मी खुर्चीचं आणि आईचं सांगितलं.

‘‘काकू, खुर्ची घरी नेण्यापेक्षा आईलेच इथं खुर्चीवर आणा ना,’’ तो म्हणाला. ‘‘घरी एकट्या बसून काय करतीन त्या?’’

मी नाक मुरडलं. घंटा नाही, वेदी नाही, पाळक नाही. बोलायची पाळी कधी याची, कधी त्याची. त्या दिवशी एक एसटी कंडक्टर बोलत होता. हे कसलं चर्च? पण पुढच्या रविवारी आई पांढऱ्या साडीत दारात बसली, तेव्हा मी तिला रिक्षात घातलं.

त्यांनी तिला कुठे बसवावं? नवरा-नवरीच्या लाल मखमली सिंहासनावर. सोनेरी हातांच्या त्या खुर्चीत आई अशी ऐसपैस बसली, की मला हसू आवरेना. कंडक्टर बोलू लागला. व्हायचं तेच झालं.

‘‘जेवल्या का साऱ्या पोरी?’’

मी तिचा हात खाली ओढला. कंडक्टर थांबला, आईकडे बघितलं आणि सरळ उत्तर दिलं, ‘‘नाई जेवलो, आजी.’’

सगळे हसले. पण मागून एक बाई म्हणाली, ‘‘खरं सांगू का, मी तं चहावरच निंगाली घरून.’’ ती धानाच्या रोवणीला जाणारी मजूर बाई, खेड्यातून पहाटेच निघालेली. मग दुसराही बोलला, तिसरीही. उपासना दुपारपर्यंत चालायची आणि अर्धे लोक उपाशी पोटी ऐकत होते. इतक्या महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

पुढच्या रविवारी मंडपवाल्याच्या बायकोनं आधी भाताचा गंज चढवला. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या सुताराला हे मुळीच पटलं नाही. ‘‘पोट भरलं का डोळे मिटतेत. मंग वचन कोण आयकन?’’ मनातून मी त्याच्याच बाजूची होते. वरणाच्या फोडणीच्या वासात प्रार्थना कसली? आणि तो चुकलाही नाही, त्या दिवशी कंडक्टरच घोरला. पण रोवणीवाली बाई मन लावून ऐकत होती, हेही मी बघितलं.

एक चूक मात्र त्यांनी केली. आजीला भूक लागते म्हणून त्यांनी पहिलं ताट तिलाच दिलं. आई ताट मांडीवर घेऊन बसली, घास घेईना आणि विचारायची थांबेना. शेवटी मी वसतिगृहाचं सांगितलं. मंडपवाल्याची बायको माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘म्हणजे आजी आपल्यासाठी थांबून राहिली! आन् आमी समजलो...’’ तिनं डोळ्यांना पदर लावला. तेव्हापासून तिथं रिवाज पडला. सगळे जेवले की एका सुरात सांगायचं, ‘‘जेवलो, आजी!’’ मग आई जेवायची, मग बोलणं सुरू व्हायचं, आणि आई शेवटपर्यंत शांत बसायची. मी पुष्कळ देखण्या उपासना बघितल्या आहेत, पण इतकी सुंदर सुरुवात कुठल्याही उपासनेची बघितली नाही. सुतारसुद्धा ओरडायचा, जरा कुरकुरत.

उन्हाळ्यात त्यांनी प्रभुभोजन घ्यायचं ठरवलं. आई आता दिवसेंदिवस कमी बोलत होती. प्रभुभोजनाचा घास एकदा तरी तिच्या मुखात पडावं अशी माझी फार इच्छा होती. पुन्हा ताट तिच्यासमोरून पुढे गेलं, तर ते बघायची माझी तयारी नव्हती. मी मंडपवाल्याला विचारलंही नाही. नाही म्हणाला असता तर?

त्या रविवारी लग्नाची मोठी तीथ होती. गोदामातल्या साऱ्या खुर्च्या भाड्यानं गेलेल्या, सिंहासनासकट. म्हणून सतरंज्या अंथरून सगळे समोरासमोर दोन ओळींत बसले. आईला खाली बसवत नसे, तिला लोखंडी पेटीवर उशी घालून बसवलं. शटरपाशी नेहमीप्रमाणे समोरच्या घरची शेजारीण होती. घर बौद्धांचं, पण गाणं ऐकायला यायची आणि उंबरठ्याच्या आत कधी यायची नाही. ‘‘मी इथंच बरी,’’ म्हणायची.

प्रार्थना झाली. मंडपवाल्यानं पोळीचे तुकडे केलेलं ताट उचललं. शेजारी द्राक्षरसाऐवजी मनुकांच्या पाण्याची वाटी होती. आईनं त्या दोन ओळींकडे बघितलं, मग ताटाकडे, आणि पेटीवरून उठली. मी समजले. तिला पंगत दिसली होती.

तिनं मंडपवाल्याच्या हातातून ताट घेतलं. त्यानं ते दिलं. आई वाकून एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत निघाली. सुताराशी आली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. तो बोलायला तोंड उघडेपर्यंत तिनं म्हटलं, ‘‘पोटभर खा हो पोरी.’’ पांढऱ्या मिशांच्या त्या म्हाताऱ्यानं मुकाट्यानं हात पुढे केला.

ओळ संपली, पण आई थांबली नाही. सरळ शटरकडे गेली आणि शेजारणीपुढे ताट धरलं. बाप्तिस्मा न झालेल्याला हे देत नाहीत, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. ढोलकीवाल्यानं मान खाली घातली. ‘झालं,’ मी मनात म्हटलं, ‘इथूनही निरोप येणार.’

शेजारणीनं मंडपवाल्याकडे बघितलं. ‘‘दादा, मले चालते का?’’

त्यानं आईच्या हातातल्या ताटाकडे बघितलं. मग म्हणाला, ‘‘आमाले चालते, ताई. तुमाले चालत असन तं घ्या.’’

‘‘आजीनं वाढलं, मंग कायले नाई म्हणू?’’ तिनं तुकडा घेतला.

आई परत फिरली ती माझ्याकडे. ताटात एकच तुकडा उरला होता. माझ्या चेहऱ्याकडे तिनं बराच वेळ बघितलं, कुठल्या वर्गातली मुलगी असावी हे आठवत असल्यासारखं.

‘‘तू राहिली का गं?’’

‘‘राहिले, बाई,’’ मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला बाई म्हटलं.

तिनं तो शेवटचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. ताट रिकामं झालं. मी त्याचे दोन भाग केले, एक मनुकांच्या पाण्यात बुडवला आणि तिच्या ओठांशी नेला. तिनं तोंड मिटून घेतलं. मान वळवून सगळ्या गोदामाला विचारलं, ‘‘जेवल्या का साऱ्या पोरी?’’

‘‘जेवलो, आजी!’’ सगळे म्हणाले. शटरपाशी बसलेल्या शेजारणीचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

मग आईनं तोंड उघडलं.